यंदाच्या वाणाचे पैसे: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सीमा (सी-३०४): नमस्कार मंडळी 🙏 यंदा हळदीकुंकवाला डबे-बरण्यांचं वाण नको, असं बऱ्याच जणी म्हणाल्या. ते पैसे प्रशांती कॅन्सर केअर मिशनला द्यावेत असं मनात आहे. पुण्यातलाच ट्रस्ट, डॉ. कोप्पीकरांनी १९९९ मध्ये सुरू केलेला. स्तनांच्या आजारांसाठीचं ऑर्किड्स क्लिनिक त्यांचंच. नाहीतर एखाद्या रविवारी क्लब हाऊसमध्ये तपासणी शिबिर ठेवू. मतं कळवा.

कुलकर्णी काका (ए-१०१): उपक्रम चांगला. पण हा विषय लेडीज ग्रुपवर घेतलात तर बरं. इथे सगळेच असतात.

सीमा: काका, पैसेही सगळ्यांच्याच घरातून येणार आहेत 😀

निखिल (बी-५०२): आणि स्तनांचा कॅन्सर पुरुषांनाही होतो. दर शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो.

पाटील (सी-१०२): टँकर आला का?

नीलिमाताई (बी-२०३): मी शिबिराच्या बाजूने नाही. कारण सांगते, जरा लांबेल.
आमच्याकडे स्वयंपाकाला येतात त्या ताईंनी गणपतीत वस्तीतल्या शिबिरात तपासून घेतलं होतं. परवा मोबाईलच्या कव्हरमधून चिठ्ठी काढून दाखवली. चार घड्या, कोपऱ्याला हळदीचा डाग. 'डावीकडे गाठ, पुढील तपासणी आवश्यक' एवढंच लिहिलेलं. कुठे जायचं, किती खर्च येईल, काही नाही. गणपतीतली चिठ्ठी संक्रांत आली तरी कव्हरमध्येच! का नाही गेलात विचारलं, तर म्हणाल्या, सहा घरांचा खाडा पडतो.

वृंदा (ए-४०३): अरे देवा. आता?

नीलिमाताई: मंगळवारी घेऊन जातेय. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे त्यांना दहादा सांगितलं. पण पुढची तपासणी केल्याशिवाय, आणि लागलं तर सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय, ते ठरत नाही. म्हणून म्हणते, शिबिराला पैसे घालण्यापेक्षा शिबिरानंतरच्या वाटेला घाला.

निखिल: पण ताई, शिबिरांचा उपयोग झालाय की. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून २० वर्षं अभ्यास केला, दीड लाखावर बायका. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे नाही, दर दोन वर्षांनी नुसती हाताने तपासणी. तीही दहावी झालेल्या बायकांना चार आठवडे शिकवून त्यांच्याकडून करवून घेतली. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

नीलिमाताई: अगदी बरोबर. पण त्यात 'दर दोन वर्षांनी' आहे ना. त्याच बायकांकडे पुन्हा पुन्हा गेले, गाठ लागली तिला पुढे तपासायला बोलावलं. आपलं शिबिर म्हणजे एक रविवार, बॅनर, पोहे आणि फोटो. शिवाय तरुण बायकांच्या मॅमोग्राफीत नीट दिसत नाही, त्यांना सोनोग्राफी लागते. आणि गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे ते मशीन असं उचलून क्लब हाऊसमध्ये आणता येत नाही.

कुलकर्णी काका: फुले जन आरोग्य योजना आहे ना? ५ लाखांपर्यंत मोफत.

नीलिमाताई: आहे, आणि ऑपरेशन-केमोला मोठा आधार आहे. पण कॅन्सरचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय उपचाराची मंजुरी कशी मागणार? रिपोर्ट येईपर्यंतच्या रिक्षा, खेपा, बुडालेला रोज यातच बाई मागे फिरते. तिथे दोन-तीन हजारही पुष्कळ होतात.

वृंदा: धर्मादाय हॉस्पिटलमध्ये राखीव खाटा असतात ना?

नीलिमाताई: असतात. वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत सवलतीत. दोन्हींसाठी १०-१० टक्के खाटा. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा दाखला घेऊन थेट तिथल्या सोशल वर्करना भेटायचं. काउंटरवर विचारत बसू नका, हे स्वानुभवाने सांगते.

सेक्रेटरी: सोसायटीच्या खात्यातून दिलं तर पावती सोसायटीच्या नावे निघेल. ज्यांना ८०जी म्हणजे देणगीवरची करसूट हवीय त्यांनी स्वतः ऑनलाइन भरा, पॅन द्या. २ हजारांवर रोख दिली तर सूट नाही. आणि नवीन कररचना घेतली असेल तर ८०जी विसरा.

निखिल: म्हणजे बहुतेकांनी पुण्यासाठीच द्यायचे 😄

सीमा: मग असं करू का? अर्धे पैसे ट्रस्टला, तपासणीसाठी म्हणून कळवून. अर्धे आपल्याकडे कामाला येणाऱ्या सगळ्या ताई-मावशींच्या येण्याजाण्यासाठी बाजूला. हिशोब वृंदाकडे.

वृंदा: चालेल. वॉचमन काकांच्या मिसेसना पण धरा.

नीलिमाताई: आणि एक, थोडं कडू लागेल. ज्या खाड्यापायी ती चिठ्ठी कव्हरमध्ये राहिली, त्या सहांतली चार घरं आपल्याच बिल्डिंगमधली आहेत. तपासणीच्या दिवसाचे पैसे कापायचे नाहीत, एवढं आधी ठरवा. देणगीचं नंतर.

(बराच वेळ कोणाचा मेसेज नाही)

कुलकर्णी काका: ए-१०१ कडून कबूल. मंगळवारी गाडी हवी असेल तर माझी मोकळी आहे.

वृंदा: ए-४०३ कबूल.

सीमा: सी-३०४ सुद्धा 🙏

पाटील: सी-१०२ कबूल. टँकर आला का पण?

सेक्रेटरी: अर्ध्या तासात येतोय.

नीलिमाताई: काका, मंगळवारी साडेनऊला गेटपाशी. ताईंना मी सांगते, मागची चिठ्ठी आणि रेशनकार्ड सोबत घ्यायला. आणि त्या दिवशी पावडर लावून येऊ नका म्हणून. मॅमोग्राफीत तिचे ठिपके उमटतात.