फीनिक्सचा नवा सीझन – ग्रुप बुकिंग (लीड्स, इंग्लंड; मंडळाच्या लिस्टवरचे मेल, जानेवारी 2025)

प्रेषक: सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,

संक्रांतीला एवढ्या थंडीत सगळे आलात, तिळगूळ पुरला, बरं वाटलं. आता पुढचं.

फीनिक्स डान्स थिएटर या इथल्या समकालीन नृत्यकंपनीचा 2025 चा सीझन फेब्रुवारीत आपल्या लीड्स प्लेहाउसला सुरू होतोय. नवीन प्रयोग: 'इनसाइड जोव्हानीज रूम'. अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविनच्या 1956 च्या कादंबरीवर बेतलेला. नृत्यरचना कंपनीचे कलासंचालक मार्कस जॅरेल विलिस यांची. हे मूळचे अमेरिकेतले, आल्विन आयलीच्या न्यूयॉर्कमधल्या नृत्यकंपनीत नाचलेले. लीड्सनंतर प्रयोग दौऱ्यावर जाईल. दहाच्या वर लोक झाले तर ग्रुपची सवलत मागून बघू. शनिवार संध्याकाळ धरतोय. कोण कोण येणार, रविवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: काका, हॅरोगेट

समितीस नमस्कार.

स्पष्ट बोलतो, राग नसावा. मुलानं एकदा वाढदिवसाला असल्याच एका कार्यक्रमाचं तिकीट काढून दिलं होतं. दीड तास माणसं जमिनीवर लोळत होती. गोष्ट कुठे सुरू झाली, कुठे संपली, पत्ता नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा कळलं की संपलं. ज्याला आवडतं त्यानं खुशाल जावं, पण मंडळाच्या लिस्टवर हे कशाला? यात लावणी नाही, नाट्यसंगीत नाही, आपला संबंध काय? त्यापेक्षा पाडव्याला एखादं नाटक बसवा, पडदे मी लावतो.

---

प्रेषक: यॉर्कहून

आम्ही चौघं. मुलगी पंधराची आहे, विषय तिला चालण्यासारखा आहे का?

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती

गोष्ट थोडक्यात अशी. डेव्हिड नावाचा अमेरिकन तरुण 1950 च्या दशकातल्या पॅरिसमध्ये राहतोय. होणारी बायको हेला स्पेनला गेलेली. इकडे तो जोव्हानी या इटालियन बारटेंडरच्या प्रेमात पडतो आणि ते स्वतःशीसुद्धा कबूल करू शकत नाही. शेवट वाईट आहे, जोव्हानीला मृत्युदंड होतो. वयाची सूचना थिएटरच्या साइटवर असते, ती बघून ठरवा. आमच्या घरातली सोळाची येतेय. तिनेच पुस्तक आधी वाचलं, मग आम्ही.

---

प्रेषक: मावशी, राउंडहे

काका, "आपला संबंध काय" या प्रश्नाला उत्तर द्यायचंय. लांबेल, चहा घेऊन बसा.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमचं पहिलं घर लीड्सच्या हेअरहिल्स वस्तीत होतं. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, मागच्या गल्लीत आडव्या दोऱ्यांवर कपडे. शेजारी एका बाजूला जमैकाचे, दुसऱ्या बाजूला मीरपूरचे. तिथल्या हेअरहिल्स मिडल स्कूलमध्ये नॅडीन सीनियर नावाच्या बाई होत्या. त्यांनी शाळेच्या वेळापत्रकात नाच आणला. तोही गॅदरिंगपुरता नव्हे, गणित-भूगोलासारखा विषय म्हणून आणि मुलगे-मुली दोघांना. फुटबॉल खेळणारी दांडगी पोरं नाचाच्या तासाला जायची आणि कोणी चिडवायचं नाही, कारण सगळेच जायचे.

त्या तासांतून आलेल्या लिओ हॅमिल्टन, डोनाल्ड एडवर्ड्स आणि विलमोर जेम्स या तिघांनी 1981 साली फीनिक्स सुरू केली. तिघे कृष्णवर्णीय, इथेच वाढलेले, कामगार वस्तीतले. लगेच मर्व्हिल जोन्स आणि एडवर्ड लिंच येऊन मिळाले. लंडनला जाऊन नाव काढावं अशी तेव्हाची रीत, हे मात्र लीड्समध्येच राहिले. कितीतरी वर्षं ही पुरुषांचीच कंपनी होती, बायका आल्या त्या 1989 मध्ये.

सीनियरबाई शाळेवर थांबल्या नाहीत. पोरं शाळेतून बाहेर पडल्यावर पुढे काय, म्हणून त्यांनी 1985 साली नॉर्दर्न स्कूल ऑफ कंटेम्पररी डान्स काढलं. चॅपलटाउन रोडवर हिरव्या घुमटाची इमारत दिसते ना, ती त्यांचीच. पूर्वी ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ होतं. ज्यू कुटुंबं हळूहळू उत्तरेकडच्या उपनगरांत सरकली आणि तिथे नाचाची शाळा आली. आपण कार्निव्हलला गाड्या लावायला जागा शोधत त्याच रस्त्यानं फिरतो.

आता खास तुमच्यासाठी, काका. 2002 साली फीनिक्सचा कलासंचालक कोण झाला? दर्शन सिंग भुल्लर. पंजाबी घरातला मुलगा, त्याच हेअरहिल्समध्ये, त्याच बाईंच्या हाताखाली तयार झालेला. लंडन कंटेम्पररी डान्स थिएटरमध्ये नाव कमावून तो परत आला आणि 2006 पर्यंत त्यानं कंपनी चालवली. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? आपण गुरुद्वाऱ्यात लंगरला जातो, मेळ्यात पाणीपुरी खातो, पण हा माणूस आपल्या कुठल्याच कार्यक्रमात आला नाही, कारण आपण त्याला बोलावलंच नाही.

पुढे शॅरन वॉटसन आल्या. त्याही हेअरहिल्सच्याच शाळेच्या, 1989 मध्ये आलेल्या पहिल्या बायकांपैकी. 2009 पासून दहा-अकरा वर्षं त्यांनी कंपनी सांभाळली आणि 2020 मध्ये घुमटाच्या त्याच शाळेच्या प्रमुख झाल्या. त्यांचा 'विंडरश: मूव्हमेंट ऑफ द पीपल' मी 2018 च्या फेब्रुवारीत पाहिला. 1948 साली कॅरिबियनहून बोटीनं आलेल्या लोकांची गोष्ट. शेवटाकडे तो मला जरा जास्तच गोड वाटला, हे आपलं माझं मत. पण एप्रिल उजाडला आणि बातम्यांमध्ये तेच लोक. पन्नास-पन्नास वर्षं इथे राहून कागद नाहीत म्हणून नोकरी गेलेले, काहींना तर देशाबाहेर काढलेलं. आपल्या घरात प्रत्येकाच्या कपाटात एक फाइल असते, व्हिसाची जुनी पत्रं, जुने पासपोर्ट, सगळं जपून ठेवलेलं. ती फाइल मी त्या आठवड्यात काढून पुन्हा लावली.

म्हणून सांगते, गोऱ्यांची मोठी कला बघायला आपण पाहुण्यासारखे चाललो नाही. आपल्याच गल्लीतल्या पोरांनी हे उभं केलंय. आपली पोरं त्यात नव्हती, एवढंच.

माझी दोन तिकिटं धरा.

---

प्रेषक: काका, हॅरोगेट

मावशी, भुल्लरांचं माहीत नव्हतं. पण 'आपली पोरं त्यात नव्हती' असं लिहिलंत म्हणून बोलतो. आमच्या मुलाच्या शाळेत नाच सक्तीचा असता तर आम्ही शाळाच बदलली असती. तुम्हीही बदलली असतीत. तेव्हा आपण सगळे परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या ग्रामर स्कूलच्या मागे होतो.

आणि लोळण्याचं काय? त्यावर कोणीच काही बोललं नाही.

---

प्रेषक: मावशी, राउंडहे

बदलली असती. खरं आहे.

---

प्रेषक: हेडिंग्लीहून

लोळण्याचं मी सांगते, काका. मी पुण्यात कथक शिकले, अजून शिकवते. कथकमध्ये कणा ताठ, जमिनीवर पाय मारून तिच्याकडून आवाज काढायचा. भाराचा खेळ सगळा वरून खाली. यांच्याकडे भार जमिनीला देऊन टाकायचा आणि तोच परत घेऊन उठायचं. नीट बघा, चांगला नर्तक पडताना धप्प आवाज येत नाही. आधी पावलाची कड टेकते, मग पोटरी, मांडी, कंबर, खांदा आणि तोवर दुसरा पाय उठायला निघालेला असतो. गुडघा किंवा कोपर थेट आपटलं तर तो माणूस आठवडाभर घरी. हे यायला आमच्या तत्काराइतकीच, म्हणजे पायांच्या कामाइतकीच, वर्षं जातात.

दुसरं, यांच्यात हीरो-हिरॉइन आणि मागे पन्नास जणांची रांग असलं काही नसतं. डझनभरही नर्तक नाहीत, प्रत्येक जण सगळं करतो. आत्ता ज्याला उचललं तोच पुढच्या प्रवेशात दुसऱ्याला खांद्यावर घेतो. उंची, रंग, बांधा कोणाचा कोणाशी जुळत नाही आणि मला तेच आवडतं. एकासारखा दुसरा दिसावा म्हणून निवडलेले नाहीत. एका वेळी एकच नर्तक धरून ठेवा आणि त्याच्यामागे जा. सगळं एकदम बघायला गेलात की पुन्हा तेच होईल, टाळ्या पडल्यावर कळेल.

यंदा तर गोष्टही आहे, पात्रं आहेत. मला उत्सुकता एकाच गोष्टीची आहे. त्या पुस्तकात बहुतेक सगळं डेव्हिडच्या डोक्यात घडतं. तो जे बोलत नाही ते शरीरानं दाखवायचं, म्हणजे अभिनय आलाच. आमच्याकडे त्यासाठी ठुमरीचे बोल असतात आणि बसून भाव करता येतो. यांच्या हातात बोल नाहीत. फसण्याची शक्यताही आहे, पण फसलं तरी बघण्यासारखं फसेल.

माझ्या क्लासच्या सहा मुली येतायत.

---

प्रेषक: यॉर्कहून

आम्ही चौघंही पक्के. मुलगी म्हणते, विषय शाळेत सगळ्यांना माहीत असतो, तुम्हालाच नवीन आहे.

---

प्रेषक: काका, हॅरोगेट

एक तिकीट. सौ. येणार नाहीत, त्यांना गुडघ्याचा त्रास आहे आणि दुसऱ्याचे गुडघे बघवत नाहीत म्हणतात. पैसे मंडळाच्या खात्यातून जाणार नाहीत ना, तेवढं लिहून द्या.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती

लिहून देतो: मंडळाचा एक पेनीही खर्च नाही, ज्याचं त्यानं भरायचं. खाते क्रमांक सगळ्यांना वेगळा कळवतोय, कृपया लिस्टवर 'पैसे भरले' असे मेल पाठवू नका.

मागच्या वरच्या रांगा स्वस्त असल्या तरी मधल्या घेतोय. वरून पावलं नीट दिसत नाहीत, असं हेडिंग्लीच्या ताईंचं म्हणणं. पहिली रांग कोणी मागू नका, मान दुखते.

प्लेहाउस क्वारी हिलवर, बस स्टेशनच्या समोरच. यॉर्ककरांनी ट्रेननं यावं, स्टेशनवरून पायी पंधरा मिनिटं. फीनिक्सच्या तालमींची इमारतही तिथेच शेजारी आहे, नॉर्दर्न बॅलेबरोबर 2010 पासून दोघांची एकत्र. लवकर पोचलात तर बाहेरून बघून घ्या.

उशीर झाला तर आत सोडतीलच असं नाही, आपली वेळ तिथे चालत नाही. आणि जेवणाचं ज्याचं त्यानं बघायचं. मागच्या वेळेसारखे थालीपिठाचे डबे आत न्यायचे नाहीत, वास सुटतो.