मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये सायकलला निळे-हिरवे दिवे लावले तर चालतात का?

लेस्टरकर_सायकलस्वार
ऑक्टोबरअखेर उन्हाळी वेळ संपून घड्याळं एक तास मागे जातील, मग ऑफिसातून परतायची वेळ पूर्ण काळोखात. नव्या हायब्रिड सायकलसाठी काही वस्तू निवडल्या आहेत: स्पोकमध्ये बसणारे रंग बदलणारे एलईडी, फ्रेमला निळी एलईडी पट्टी आणि मागे लाल दिवा असलेलं हेल्मेट. पेडल एसपीडी (बुटाचा तळ क्लिपमध्ये अडकवायचे) आहेत, त्यांना रिफ्लेक्टर नाहीत. मागच्या कॅरिअरला बॅग असते. यातलं कायद्यात काय बसतं? हेल्मेटचा दिवा मागचा दिवा म्हणून धरतात का? आणि दंड किती?

चेनगार्ड
तिकडे १९८९ चे रोड व्हेइकल्स लायटिंग रेग्युलेशन्स लागू होतात. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत सायकलला पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर आणि पेडलना पुढून-मागून दिसणारे अंबर (पिवळसर केशरी) रिफ्लेक्टर हवेत. पेडलची अट १ ऑक्टोबर १९८५ पासून बनलेल्या सायकलींना आहे, म्हणजे तुमच्या सायकलला आहेच. मोटारीच्या हेडलाइटला सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाची सवलत मिळते, सायकलच्या दिव्याला मिळत नाही. दिवे सूर्यास्तालाच लावा.

आता रंग. पुढच्या बाजूला लाल उजेड दिसता कामा नये आणि मागच्या बाजूला (पेडलचे अंबर रिफ्लेक्टर वगळता) लाल सोडून दुसरा उजेड दिसता कामा नये. समोरचं वाहन येतंय की जातंय हे ड्रायव्हर रंगावरूनच ओळखतो, त्यामुळे ही अट अगदी योग्य आहे. रंग बदलणारे स्पोक-एलईडी इथेच अडकतात. चाक फिरताना हिरवा-निळा उजेड मागूनही दिसतो, आणि लाल रंगाची पाळी आली की तो पुढून दिसतो.

निळी पट्टी तर अजिबात नको. आणीबाणीची वाहनं सोडून कुणालाही निळा इशारा-दिवा किंवा त्याच्यासारखं दिसणारं काहीही बसवता येत नाही, आणि ते बंद पडलेलं असलं तरी मनाई तीच. ‘बटण बंदच ठेवतो’ ही सबब चालत नाही.

मडगार्ड_पक्का
हेल्मेटचा दिवा धरत नाहीत. सक्तीचे दिवे सायकलवर बसवलेले हवेत, डोक्यावर किंवा पाठपिशवीवर नव्हे. जोडीला म्हणून हेल्मेटचा दिवा जरूर वापरा, अंगावरच्या कपड्यांना आणि हेल्मेटला हे रंगाचे नियम लागत नाहीत. पण मान वळवून मागे बघताना तो लाल उजेड पुढच्यांना दिसतो, म्हणून मंद ठेवा.

मागचा दिवा जमिनीपासून ३५० ते १५०० मिमी उंचीवर, मधोमध किंवा उजव्या अंगाला हवा. तुमच्या बाबतीत खरी अडचण बॅगेची आहे. सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) लावलेला दिवा बॅगेमागे किंवा लांब जॅकेटच्या घोळात झाकला जातो. दिवा कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर घ्या. तिथल्या दोन भोकांत ५० किंवा ८० मिमी अंतर असतं, ते मोजूनच दिवा मागवा. बॅग भरून लावा, दहा पावलं मागे जाऊन वाका आणि मोटारीत बसलेल्याच्या डोळ्याच्या उंचीवरून बघा. रिफ्लेक्टरही त्याच पट्टीवर बसतो, त्याची उंची ९०० मिमीच्या वर नको.

लुकलुकणारा दिवा २००५ पासून चालतो, मात्र मिनिटाला ६० ते २४० वेळा, एकसारख्या गतीने आणि एकाच तीव्रतेने. दोनदा बारीक-एकदा मोठा असले ‘डिस्को’ मोड त्यात बसत नाहीत. रस्त्यावर खांबांचे दिवे नसतील तर पुढचा दिवा स्थिरच ठेवा, लुकलुकत्या उजेडात खड्डाही दिसत नाही आणि समोरच्याला तुमचं अंतरही कळत नाही. पुढचा दिवा किंचित खाली झुकवा, समोरच्याचे डोळे दिपवणं हाही गुन्हा आहे.

लेस्टरकर_सायकलस्वार
म्हणजे चाकांना रंगीत काहीच लावायचं नाही? बाजूने दिसण्यासाठीच ते हवे होते. पेडलचं काय करू?

चेनगार्ड
लावा की, पण परावर्तक लावा. बाजूला उजेड परतवण्यासाठी चाकाला किंवा टायरला लावलेलं परावर्तक साहित्य कुठल्याही रंगाचं चालतं, नियमांत तशी सूट आहे. स्पोकवर चढवायच्या परावर्तक नळ्या किंवा कडेला परावर्तक पट्टा असलेले टायर घ्या. बॅटरी लागत नाही आणि चौकात बाजूने येणाऱ्याला फिरतं वर्तुळ दिसतं, ते सायकलच आहे हे लगेच कळतं.

एसपीडी पेडलला खटकन बसणारी रिफ्लेक्टरची प्लास्टिक प्लेट मिळते. ती एका बाजूची क्लिप अडवते, शिवाय मोकळी राहिलेली बाजू तळपायाखाली शोधावी लागते. रोजच्या ऑफिसच्या फेरीला त्यापेक्षा एका बाजूला क्लिप आणि दुसरी बाजू सपाट असलेले, रिफ्लेक्टरसह येणारे पेडल बरे. पेडलचा रिफ्लेक्टर वर-खाली हलतो म्हणून मागून येणाऱ्याच्या नजरेत सगळ्यात आधी भरतो. तो टाळू नका.

दिवे नसल्यास इंग्लंड-वेल्समध्ये जागेवरचा दंड ५० पौंड. पण खरी धास्ती अपघाताची: नुकसानभरपाईच्या दाव्यात समोरचा वकील दिवे-रिफ्लेक्टर नसल्याचा मुद्दा काढतो आणि रक्कम कापली जाऊ शकते.

मडगार्ड_पक्का
एक राहिलं. वाटेत बॅटरी संपली तर उतरून सायकल रस्त्याच्या डाव्या कडेने हातात धरून ढकलत न्या, तेव्हा दिव्यांची सक्ती नसते. थंडीत लिथियम बॅटरी डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा आधी मान टाकते, म्हणून मागचा एक छोटा यूएसबीचा दिवा बॅगेच्या आतल्या कप्प्यात चार्ज करून ठेवा.