मदत हवी आहे : कापडरंगाच्या सांडपाण्यावरील जैविक प्रक्रिया

नमस्कार. मुंबईतील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी कापडरंगाईच्या सांडपाण्यावर जिवाणूंच्या साहाय्याने प्रक्रिया करून पाहत आहे. ॲझो या कृत्रिम रंगांतील दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध प्राणवायूविरहित टाकीत तुटतो आणि पाणी फिकट होते. परंतु त्यातून निर्माण होणारी काही ॲरोमॅटिक अमाइन्स (बेंझिनसारखे वलय असलेली नायट्रोजनयुक्त संयुगे) मूळ रंगापेक्षाही घातक असतात, म्हणून केवळ रंग गेला यावर समाधान मानणे मला योग्य वाटत नाही. पुढच्या, हवा दिलेल्या टाकीत त्यांचेही विघटन व्हायलाच हवे. मात्र रिॲक्टिव्ह रंगाईतील (धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांच्या रंगाईतील) भरपूर मिठामुळे माझा सक्रिय गाळ, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंचा गाळ, तग धरत नाही. ठाणे खाडीच्या चिखलातून मीठ सोसणारे जिवाणू कोणी वेगळे केले असल्यास, त्यांना रंगाची सवय कशी लावली आणि अमाइन्स कमी खर्चात कशी मोजली, हे कृपया सविस्तर कळवावे.