विड्या वळणाऱ्या आईची बोटे सरळ होत नाहीत: हा संधिवात आहे की मधुमेह?

प्रश्न (निपाणीहून एक मुलगी)

माझी आई साठीच्या जवळ आली आहे. लग्न होऊन निपाणीत आल्यापासून ती घरी विड्या वळते आणि गेली पंधरा-सोळा वर्षे तिला मधुमेह आहे. मागील वर्षभरात तिच्या दोन्ही हातांची बोटे हळूहळू ताठ होत गेली. सुरुवात करंगळीपासून झाली, मग अनामिका, आणि आता मधले बोटही पूर्ण सरळ होत नाही. दुखणे फारसे नाही. पण टेंभुर्णीचे पान कातरताना कात्री हातात नीट बसत नाही आणि विडीला दोरा बांधताना पकड सुटते. उजव्या हाताची अनामिका तर सकाळी मिटलेलीच राहते आणि दुसऱ्या हाताने ओढल्यावर खटकन उघडते. बोटांच्या पाठीवरची कातडी जाड आणि चकचकीत झाली आहे.

गल्लीत सर्वजण याला संधिवात म्हणतात. इतकी वर्षे विड्या वळल्यावर हात असे होणारच, असे तिच्याबरोबरच्या बायकांचे म्हणणे आहे. ती औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेते. साखरेचा आणि बोटांच्या ताठरपणाचा काही संबंध असतो का, असल्यास कोणाला दाखवावे, आणि तिला हे काम सोडावे लागेल का, हे मला जाणून घ्यायचे आहे. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे हात मंदावले की घरात येणारा पैसाही कमी होतो. ती बोलून दाखवत नसली तरी तिची ती काळजी मला दिसते.

उत्तर १ (बेळगाव, फिजिओथेरपिस्ट)

ताई, संबंध असतो आणि तो निकटचा असतो. आईंना छातीसमोर नमस्कार करायला सांगा आणि कोपरे दोन्ही बाजूंना उचललेली ठेवून तळहात व बोटे एकमेकांना पूर्ण टेकतात का ते पाहा. प्रयत्न करूनही बोटांमध्ये फट राहत असेल, किंवा तळहात पाटावर पालथा ठेवल्यावर बोटे सपाट टेकत नसतील, तर सांध्यांची हालचाल मर्यादित झाली आहे असे समजावे. मधुमेहात होणाऱ्या या अवस्थेला डायबेटिक कायरोआर्थ्रोपथी म्हणतात. करंगळीपासून सुरू होऊन अंगठ्याच्या दिशेने सरकणे, दुखणे कमी पण ताठरपणा जास्त असणे आणि कातडी जाड होणे ही तिची ओळखीची लक्षणे आहेत.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की ती त्वचा, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि सांध्यांभोवतीचे आवरण यांतील कोलॅजेन या प्रथिनाला चिकटते. त्या प्रथिनाचे धागे एकमेकांत बांधले जातात, आणि शरीर जुने कोलॅजेन काढून नवे घडवण्याचे काम फार सावकाश करत असल्यामुळे हा ताठरपणा साचत जातो. डेन्मार्कमधील लुंडबेक यांनी दीर्घकाळच्या मधुमेहींच्या ताठ हातांविषयी १९५७ साली लिहिले होते, आणि १९७४ साली अमेरिकेत रोझेनब्लूम यांनी मधुमेही मुलांमध्येही तो आढळत असल्याचे दाखवले. म्हणून केवळ वयाला किंवा विड्यांना दोष देऊन थांबू नये.

अनामिका अडकून खटकन उघडते, तो मात्र वेगळा विकार दिसतो. त्याला ट्रिगर फिंगर म्हणतात. बोट मिटवणारी कंडरा तळहातात बोटाच्या मुळाशी एका अरुंद कडीतून सरकते. ती कडी किंवा कंडरा जाड झाली की तिथे अडकते. मधुमेहींमध्ये हा विकार अधिक आढळतो, आणि सतत मूठ आवळण्याचे काम त्यात भर घालू शकते. एकाच हातात दोन्ही विकार असणे मुळीच दुर्मीळ नाही.

काम सोडावे लागेल असे मला वाटत नाही, पण कामाची पद्धत बदलावी लागेल. कात्रीच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड केली तर कमी जोर लागतो. पाने कातरण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणी केले, तर आईंच्या हाताला सर्वांत जड भाग टळतो. दर अर्ध्या-पाऊण तासाने हात थांबवून बोटे पूर्ण उघडावीत. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून ठेवल्यानंतर नमस्काराच्या स्थितीत तळहात एकमेकांवर दाबून पंधरा-वीस सेकंद धरावेत, मग पाटावर हात सपाट दाबावा, मग सावकाश मूठ मिटून उघडावी. हे दिवसातून तीन-चार वेळा, ताण जाणवेल इतके, कळ येईल इतके नव्हे. अडकलेले बोट मात्र जोराने मिटू-उघडू नये. पाण्याची ऊब घरातील दुसऱ्या माणसाने आधी पाहावी, कारण मधुमेहात हाताची संवेदना कमी झालेली असू शकते आणि भाजलेले कळत नाही.

उत्तर २ (वडगाव, बेळगाव)

मी यंत्रमागावर काम करत होतो. माझ्या बाबतीत बोटांऐवजी खांदा आखडला. आधी रात्री कुशीवर झोपणे अशक्य झाले, पुढे दुखणे ओसरले पण हात डोक्यापर्यंत जाईना. डॉक्टरांनी त्याला फ्रोझन शोल्डर म्हटले आणि सांगितले की एरवी २ ते ५ टक्के लोकांना होणारा हा त्रास मधुमेहींपैकी १० ते २० टक्क्यांना होतो. तो सुटायला एक ते तीन वर्षेही लागू शकतात. आपल्या आईंना वेणी घालताना किंवा पाठीमागे हात नेताना अडचण येते का, हे अवश्य विचारा. बोटांकडे लक्ष असताना खांद्याकडे दुर्लक्ष होते आणि बाई माणसे त्याविषयी आपणहून सांगत नाहीत.

उत्तर ३ (खानापूर तालुका)

आमच्याकडे अशा हातांना रात्री कोमट तिळाच्या तेलाने चोळतात, आंबट खाणे बंद करतात आणि महिनाभर हाताला पूर्ण विश्रांती देतात. माझ्या सासूबाईंना त्याने बरे वाटले होते. गोळ्यांपेक्षा हे निर्धोक आहे असे माझे मत आहे.

उत्तर ४ (चिकोडी, निवृत्त वैद्यकीय अधिकारी)

तेलाने चोळण्याला माझी हरकत नाही. त्यामुळे कातडी मऊ राहते आणि व्यायामापूर्वी हात सैल होतो. महिनाभराच्या पूर्ण विश्रांतीला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. ट्रिगर फिंगरच्या बोटाला काही काळ आराम द्यावा लागतो, पण ताठर होत चाललेले इतर सांधे हलवले नाहीत तर ते अधिकच आखडतात. आंबट सोडल्याने या विकारात फरक पडत नाही.

ताई, मला सर्वांत अधिक काळजी त्या गोळ्यांची वाटते. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, आणि पंधरा वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंडे आधीच नाजूक झालेली असू शकतात. शिवाय ज्या विकारात मुळात दुखणे कमी आहे, त्यात या गोळ्यांनी ताठरपणा सुटणार नाही. बाजारात नाव-पत्ता नसलेल्या संधिवाताच्या पुड्या मिळतात, त्यांपासूनही आईंना दूर ठेवा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते आणि त्याने साखर भडकते.

तरीही हा केवळ मधुमेहाचाच परिणाम आहे असे आपण घरी बसून ठरवू नये. सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल आणि सांधे सुजून गरम होत असतील, तर आमवाताची तपासणी करावी लागते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होऊन झोप मोडत असेल, तर मनगटात शीर (मज्जातंतू) दाबली जात असण्याची शक्यता आहे. थायरॉईड मंदावल्यानेही तसे होते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अनेक वर्षे चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासावे, कारण त्याच्या कमतरतेनेही मुंग्या येतात. आणि कात्री लागून हात लाल झाला, सुजला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेहीच्या हातात जंतुसंसर्ग फार वेगाने पसरतो.

ज्यांचे हात असे ताठ झालेले असतात, त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यात आणि मूत्रपिंडांत बिघाड असण्याचा संभव अधिक असतो. म्हणून एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी), मूत्रपिंडांसाठी रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी एकत्रच करून घ्या. पावलेही पाहा. पावलांचे सांधे ताठ झाले की तळव्यावर एकाच जागी दाब पडून जखमा होतात, त्यामुळे आईंनी अंगणातही अनवाणी चालू नये.

दाखवण्यासाठी प्रथम तालुका रुग्णालय, तेथून गरज पडल्यास बेळगावचे बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, हा मार्ग कमी खर्चाचा आहे. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडते हे मी जाणतो. पण आपल्या सीमाभागात अर्धी औषधे इकडच्या डॉक्टरांची आणि अर्धी तिकडच्या, असे फार वेळा घडते आणि एकाच जातीच्या दोन गोळ्या दोन नावांनी पोटात जातात. सर्व कागद एकाच फाइलमध्ये ठेवून दोन्हीकडे दाखवत जा.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. नमस्कार करताना आईच्या बोटांमध्ये चांगलीच फट राहते. तालुका रुग्णालयात दाखवले. एचबीए१सी ९ च्या वर आले आहे, क्रिएटिनिन सुदैवाने ठीक आहे, आणि वेदनाशामक गोळ्या बंद केल्या आहेत. डोळ्यांच्या तपासणीची तारीख मिळाली आहे. अनामिकेसाठी अस्थिरोगतज्ज्ञांनी तळहातात स्टिरॉइडचे इंजेक्शन सुचवले आहे. वर आपण स्टिरॉइडने साखर भडकते असे लिहिले आहे, म्हणून आई घाबरली आहे. घ्यावे का?

उत्तर ५ (चिकोडी, निवृत्त वैद्यकीय अधिकारी)

त्या पुडीतील स्टिरॉइड दररोज, अज्ञात मात्रेत आणि सर्व शरीरात जाते. हे इंजेक्शन एका जागी, मोजून आणि कारण ठरवून दिले जाते. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही, तयारीचे मात्र आहे. इंजेक्शननंतर एक-दोन दिवसांत साखर चढते आणि ती काही दिवस, क्वचित आठवडाभर, चढी राहू शकते. आत्ताची साखर पाहता मधुमेहाच्या डॉक्टरांनी औषधाची मात्रा थोडी बसवून घेतल्यानंतर ते घेणे अधिक बरे. अडकणारे बोट काही आठवडे थांबू शकते.

मधुमेहींमध्ये या इंजेक्शनचा गुण इतरांपेक्षा कमी वेळा येतो, हेही आईंना आधीच सांगा. गुण न आल्यास जागेपुरती भूल देऊन ती अरुंद कडी मोकळी करण्याची लहानशी शस्त्रक्रिया करतात; मात्र जखम नीट भरून यावी म्हणून त्यापूर्वी साखर आटोक्यात असावी लागते. तोपर्यंत रात्री ते बोट सरळ ठेवणारी पट्टी बांधावी आणि बाकीच्या बोटांचा व्यायाम चालू ठेवावा. बहुतेक प्रौढांत एचबीए१सी ७ टक्क्यांच्या आसपास आणण्याचा प्रयत्न असतो, पण आईंच्या वयाला आणि औषधांना मानवेल तो आकडा त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावा. आधीच बांधले गेलेले कोलॅजेन त्याने पूर्ववत होत नाही. पुढची वाढ मंदावते आणि व्यायामाने हाताची उपयुक्त हालचाल बऱ्याच अंशी टिकते.

इंजेक्शनच्या दिवसापासून आठवडाभर घरच्या ग्लुकोमीटरवर सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी साखर मोजून वहीत लिहा. ताठ बोटांनी ग्लुकोमीटरमध्ये चाचणीची पट्टी बसवणे आईंना जमणार नाही, तेव्हा ते आपण करा. साखर कितीच्या वर गेल्यास कळवायचे आणि कोणाला, हे इंजेक्शन घेण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.