टॅबचं अपडेट दर वेळी अर्ध्यावर फसतं, मदत हवी आहे

बिनतारी
टॅबवर रोज अपडेटची सूचना येते. डाउनलोड पूर्ण होतं, रीस्टार्ट होतो, पट्टी थोडी सरकते आणि एरर. मग जुन्याच व्हर्जनवर चालू होऊन 'अपडेट होऊ शकले नाही' असं दाखवतो. बॅटरी, वायफाय सगळं बघून झालंय. डेटा उडवायचा नाही. कृपया लवकर सांगा.

रानवारा
टॅब अँड्रॉइड की आयपॅड? व्हर्जन कुठलं? अपडेट किती एमबीचं आहे, जागा किती मोकळी आहे? आणि 'एरर' म्हणजे नेमकी कुठली अक्षरं दिसतात? एवढं कळल्याशिवाय काहीही सुचवणं म्हणजे अंधारात तीर.

चौकोनी
सेटिंग्ज > जनरल > आयपॅड स्टोरेजमध्ये जा. यादीत अपडेटची फाइल दिसेल, ती डिलीट करा आणि पुन्हा डाउनलोड करा. तरीही अडलं तर रिकव्हरी मोडमध्ये (दुरुस्तीसाठीची वेगळी सुरुवात) टाकून संगणकाला जोडा आणि 'अपडेट' निवडा. 'रिस्टोर' निवडलंत तर सगळा डेटा जाईल. डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर आयपॅड रिकव्हरीतून बाहेर पडतो. डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि पुन्हा रिकव्हरीत टाका.

घासूनपुसून
फॅक्टरी रीसेट मारा, मग अपडेट घ्या. बाकी सगळे उपाय म्हणजे वेळ घालवणं. डेटाचा बॅकअप घ्यायला कितीसा वेळ लागतो?

बिनतारी
अँड्रॉइड ९ आहे. आयपॅड नाही. अपडेट ३८० एमबीचं, ३२ पैकी ९ जीबी मोकळी आहे. आडवा पडलेला रोबो आणि खाली फक्त 'एरर'. रीसेट नकोय हे वर लिहिलंय.

रानवारा
म्हणजे डाउनलोडची बाजू ठीक आहे, रिकव्हरीत पॅकेज बसवताना घोळ होतोय. ३८० एमबी म्हणजे इन्क्रिमेंटल पॅकेज असणार. त्यात पूर्ण सिस्टिम नसते, फक्त जुन्या आणि नव्या आवृत्तीतला फरक असतो. तो लावायच्या आधी जुनी सिस्टिम जशीच्या तशी आहे का हे हॅश (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून तपासलं जातं. एक ब्लॉक (साठवणीचा छोटा तुकडा) जरी वेगळा निघाला तरी काम थांबतं.

@घासूनपुसून, रीसेटने डेटा आणि कॅशे (तात्पुरत्या फाइली) यांची पार्टिशन, म्हणजे साठवणीचे वेगळे भाग, पुसली जातात. सिस्टिम पार्टिशनला हातही लागत नाही. बिघाड तिथे असेल तर डेटा जाईल आणि एररही राहील.

घासूनपुसून
पण रीसेटनंतर अपडेट नीट होतं हे कित्येक जणांच्या बाबतीत झालंय.

रानवारा
होतं, जेव्हा कारण जागेचं किंवा डेटामधल्या खराब फाइलचं असतं तेव्हा. इथे ९ जीबी मोकळी आहे.

@बिनतारी, टॅब पूर्ण बंद करा. पॉवर आणि व्हॉल्यूम अप एकत्र दाबून रिकव्हरीत जा (काही मॉडेलवर व्हॉल्यूम डाउन). 'नो कमांड' दिसलं तर पॉवर दाबून धरून व्हॉल्यूम अप एकदा दाबा, मेन्यू येतो. त्यात 'व्ह्यू रिकव्हरी लॉग्ज' > 'लास्ट लॉग' (शेवटच्या प्रयत्नाची नोंद) उघडा. शेवटच्या ओळी इथे लिहा. मेन्यूत 'वाइप डेटा' अगदी जवळच असतं, सांभाळून.

काटकोन
त्याच मेन्यूत 'वाइप कॅशे पार्टिशन' पण करून घ्या, त्याने फोटो, ॲप काही जात नाही. टॅबची तारीख-वेळही बघा. चुकीची असेल तर सर्व्हरचं प्रमाणपत्र बाद ठरतं.

रानवारा
आत्ता कॅशे पुसू नका. जुन्या लॉगच्या फाइली तिथेच असतात. आधी लॉग वाचा. तारीख चुकीची असती तर डाउनलोडच झालं नसतं.

बिनतारी
शेवटी हे आहे: 'डिव्हाइस वॉज रीमाउंटेड आर/डब्ल्यू ७ टाइम्स', मग 'ई१००४: सिस्टिम पार्टिशन फेल्स टू रिकव्हर'.

काटकोन
टॅब रूट केलाय का, म्हणजे सिस्टिम बदलायचे पूर्ण अधिकार घेतलेत का?

बिनतारी
होता. जाहिराती बंद करायला होस्ट्स फाइल (कुठलं साइटनाव कुठल्या पत्त्यावर जातं ती यादी) बदलायची होती. आता अनरूट आहे, फाइलही मूळ ठेवली आहे. त्याचा संबंध नसावा.

रानवारा
तेच कारण आहे. सिस्टिम पार्टिशन लिहिण्यासाठी नुसतं माउंट केलं (वापरायला जोडलं) तरी पहिल्या ब्लॉकमधल्या सुपरब्लॉकमध्ये (पार्टिशनच्या माहितीच्या नोंदीत) माउंटची वेळ आणि संख्या लिहिली जाते. लॉगमधल्या 'आर/डब्ल्यू' (वाचणं-लिहिणं) पुढचा तो ७ आकडा तिथूनच आलाय. फाइल परत मूळ ठेवली तरी तो ब्लॉक मूळ होत नाही.

घासूनपुसून
मग बूटलोडर (टॅब चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) लॉक करून टाका, मूळपदावर येईल.

काटकोन
अजिबात नको! लॉक करताना डेटा पुसला जातो. शिवाय बदललेली सिस्टिम तशीच ठेवून लॉक केलं तर टॅब चालू व्हायलाच नकार देऊ शकतो. लॉक करायचंच असेल तर मूळ सिस्टिम बसल्यावर.

रानवारा
अनुमोदन. इलाज असा: उत्पादकाच्या सपोर्ट पानावरून तुमच्याच मॉडेलचं पूर्ण ओटीए (अपडेटचं) पॅकेज घ्या. इन्क्रिमेंटल नको. ते जुन्या सिस्टिमचे ब्लॉक न तपासता सिस्टिम नव्याने लिहितं, डेटाला हात लावत नाही. तरी बॅकअप घ्याच. रिकव्हरीत 'अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी' निवडा (एडीबी म्हणजे संगणकावरून टॅबला आज्ञा देणारं साधन). संगणकावर 'एडीबी डिव्हाइसेस' दिल्यावर नावापुढे 'साइडलोड' दिसलं पाहिजे. मग पॅकेज टॅबला पाठवायला 'एडीबी साइडलोड' आणि फाइलचं नाव टाइप करा. केबल थेट पोर्टला जोडा, हबमधून नको.

चौकोनी
एसडी कार्डवरून सोपं पडेल ना? केबल, ड्रायव्हर काहीच नको.

काटकोन
मेन्यूत तो पर्याय असेल तर चालेल. पण कार्ड अंतर्गत स्टोरेज म्हणून फॉरमॅट केलेलं असेल तर ते एन्क्रिप्टेड असतं, रिकव्हरीला वाचता येत नाही.

बिनतारी
पूर्ण पॅकेज १.४ जीबीचं मिळालं. साइडलोड ४७ टक्क्यांवर थांबलं आणि 'टोटल एक्सफर १.००एक्स' आलं. केबल काढू का? अर्धंच झालंय.

रानवारा
झालं ते. संगणकावरचा टक्का अंदाजाने काढलेला असतो, पॅकेज दोनदा वाचलं जाईल असं धरून. एकदाच वाचलं की निम्म्याजवळ थांबतो. टॅबच्या पडद्यावर 'इन्स्टॉल फ्रॉम एडीबी कम्प्लीट' आहे का बघा. असेल तर रीबूट. पहिल्यांदा चालू व्हायला वेळ लागेल, मध्येच पॉवर दाबू नका.

बिनतारी
चालू झाला. व्हर्जन नवीन, डेटा जागेवर. आभार!

सायंतारा
धागा चालू आहे तोवर विचारते. माझ्या टॅबवर साइडलोड करताना 'ई३००३' येतं. रूट कधीच केलेला नाही.

काटकोन
तुमचं पॅकेज टॅबवरच्या बिल्डपेक्षा (सिस्टिमच्या आवृत्तीपेक्षा) जुनं आहे. सेटिंग्ज > अबाउटमध्ये बिल्ड नंबर बघा आणि त्यानंतरचं पॅकेज घ्या. 'ई३००४' आलं असतं तर मॉडेल चुकलं असतं.

सायंतारा
बिल्ड नंबर लिहून आणते.