मदत हवी आहे: अलार्मच्या गर्दीत ऑपरेटरसाठीचे संदेश हरवतात

नमस्कार मंडळी,

मी एका बॅच प्लँटवर (जिथे माल सलग नाही, एकेका घाण्यानं बनतो) कंट्रोल सिस्टिमचं काम बघते. तीन रिअ‍ॅक्टर, एक पॅनल आणि शिफ्टला एकच ऑपरेटर.

गेल्या आठवड्यात रात्रपाळीत एक रिअ‍ॅक्टर सॅम्पलच्या पायरीवर थांबला. 'सॅम्पल घ्या, रिझल्ट भरून कन्फर्म करा' असा संदेश स्क्रीनवर आला, पण आमच्याकडे हे संदेश अलार्मच्याच यादीत येतात. नेमका तेव्हाच फीड टाकीच्या हाय लेव्हलचा अलार्म दर दहा-बारा सेकंदांनी येत-जात होता. संदेश पहिल्या पानावरून खाली सरकला आणि बॅच पन्नास मिनिटं तशीच उभी राहिली. सकाळी त्या ऑपरेटरला सगळ्यांसमोर विचारलं गेलं, 'लक्ष कुठे होतं?'

मी हिस्टरी काढली. तेवढ्या वेळात ३४० ओळी आल्या होत्या आणि त्यांनी त्यातली एकूण एक अ‍ॅक्नॉलेज केली होती (बटण दाबून 'पाहिलं' अशी पोच दिली होती). म्हणजे माणूस खुर्चीतच होता, हात चालू होता, पण वाचायला उसंतच नव्हती. ही चूक त्यांची नाही, यादी बनवणाऱ्या आमची आहे. मला ती नीट करायची आहे.

संदेश वेगळ्या खिडकीत न्यावेत का? लेव्हलच्या अलार्मला डिले (ठरावीक सेकंदांचा उशीर) लावला आणि उद्या टाकी ओसंडली तर? शिवाय एका स्टँडबाय पंपाचा लो प्रेशर अलार्म तो पंप बंद असला की उभाच असतो. तो शेल्व्ह करून, म्हणजे यादीतून बाजूला काढून, टाकू का?

प्रतिसाद १

आधी व्याख्येपासून सुरुवात करा. आयएसए १८.२ आणि आयईसी ६२६८२ ही अलार्म व्यवस्थेची दोन्ही मानकं सांगतात की काहीतरी बिघडलंय आणि ऑपरेटरनं वेळेत काही करायला हवंय, तरच तो अलार्म. सॅम्पल घ्यायची वेळ होणं हा बिघाड नाही. तेव्हा संदेशांची यादी वेगळी हवी, आवाज वेगळा हवा, आणि उत्तर मिळेपर्यंत संदेश जागचा हलता कामा नये. ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही, तर मात्र 'बॅच थांबली, उत्तर बाकी' असा खराखुरा अलार्म एकदाच वाजवा.

लेव्हलचं म्हणाल तर डिले दोन प्रकारचे असतात आणि तुमची भीती त्यातल्या एकालाच लागू आहे. ऑन-डिले अलार्म उशिरा वाजवतो, म्हणजे ऑपरेटरच्या हातातला वेळ खातो. ऑफ-डिलेमध्ये पहिला अलार्म लगेच वाजतो, फक्त तो 'गेला' म्हणायला सिस्टिम थांबते. तुम्हाला ऑफ-डिले हवा. जोडीला डेडबँड, म्हणजे अलार्म लागण्याच्या आणि सुटण्याच्या पातळीत अंतर, द्या. ईईएमयूए १९१ या अलार्मविषयीच्या मार्गदर्शिकेत लेव्हलसाठी सुरुवातीला रेंजच्या ५ टक्के सुचवलेत. अलार्म ८० टक्क्यांवर असेल तर तो ७५ च्या खाली गेल्यावरच सुटेल. आणि लेव्हल मुळात नाचते का, तेही बघा. अ‍ॅजिटेटरमुळे पृष्ठभागावर लाटा उठत असतील तर लेव्हल मोजणाऱ्या ट्रान्समीटरचं डँपिंग (रीडिंगमधले चढउतार सौम्य करणारी सेटिंग) तपासा.

पंपाचा अलार्म शेल्व्ह करू नका. शेल्व्हिंग तात्पुरतं असतं, कारण लिहून आणि मुदत घालून करायचं. बंद पंपाला प्रेशर नसणं हे तर रोजचंच आहे. तो अलार्म पंपाच्या रनिंग फीडबॅकला ('पंप चालू आहे' या सिग्नलला) बांधा आणि सुरू होताना प्रेशर चढेपर्यंत थोडा वेळ सोडा. इंटरलॉक आणि ट्रिपला (धोका दिसताच यंत्र आपोआप अडवणाऱ्या किंवा बंद करणाऱ्या यंत्रणेला) मात्र हात लावू नका.

प्रतिसाद २

त्या ऑपरेटरची बाजू घेतलीत, फार बरं वाटलं. २४ जुलै १९९४ ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. इतक्या आवाजात कुठला महत्त्वाचा हे कोण ओळखणार? ईईएमयूएच्या हिशोबानं एरवी दहा मिनिटांना सरासरी एक अलार्म एका माणसाला झेपतो. तुमच्या ३४० ओळी त्या शेजारी ठेवून मॅनेजमेंटला दाखवा.

काही बदलण्याआधी एक पूर्ण रात्रपाळी पॅनलवर बसा. प्रत्येक अलार्मला एकच विचारा: हा वाजला की तुम्ही काय करता? 'काही नाही, अ‍ॅक मारतो' असं उत्तर आलं की तो टॅग (त्या अलार्मचं सिस्टिममधलं नाव) तपासणीला घ्या. मात्र परस्पर काढू नका. प्रोसेस आणि सेफ्टीच्या सह्या घेऊन, बदलाची नोंद करूनच काढा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री बसले. ज्यांना बोलणी बसली त्याच ऑपरेटरांची शिफ्ट होती. महिन्याभराची हिस्टरीही टॅगनुसार मोजली. वरचे दहा टॅगच निम्म्याहून जास्त ओळी खातात आणि पहिला नंबर त्याच लेव्हलचा आहे. ऑफ-डिले आणि डेडबँडचा बदल-अर्ज आज टाकला.

संदेशाची मुदत मी दहा मिनिटं धरली होती. ते ऑपरेटर म्हणाले, 'मॅडम, लॅबचा रिझल्ट यायलाच वीस मिनिटं लागतात. दहा ठेवलीत तर हाही रोज उगाच वाजेल.' आता तीस ठेवली आहे.