नुसत्या नोटरीवर विसंबू नका

घर भाड्याने देताना नोटरी केलेला करार असला तर नोंदणीचा खर्च कशाला, असं काही घरमालक विचारतात. कशाला, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ साठी. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, उलटं सिद्ध करणं आपल्या डोक्यावर. शिवाय ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नोंदणी हल्ली घरी येऊन अंगठे घेऊन करून देतात.

मुदत संपूनही माणूस हलत नसेल तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करा. तोवरची भरपाई ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने मागता येते. पाणी-वीज तोडायच्या भानगडीत मात्र पडू नका, तक्रार उलटी आपल्यावरच येते.

नव्या भाडेकरूच्या चौकशीचं म्हणाल तर त्याच्या सध्याच्या घरमालकाला फोन करून फारसा उपयोग नाही. पीडा टळावी म्हणून तो कौतुकच करतो! त्याच्या आधीच्या मालकाला गाठा. पोलीस पडताळणी तर कराच.

मी स्वतः एकदा 'तिघंच राहणार' यावर विश्वास ठेवला होता. महिन्याभराने गेलो तर दाराशी चपलांचे सात जोड, आणि ओट्यामागच्या टाइल्सवर बोट चिकटेल इतकं तेल. तेव्हापासून करारात राहणाऱ्यांची नावं घालतो आणि डिपॉझिट शेवटचं वीजबिल आल्यावरच परत देतो.